सातवाला

गॉर्डी ट्रेवॅरोनं आपल्या डस्टर गाडीचं इंजिन स्वतःच्या हातानं मारलं होतं, आणि उत्तरेकडच्या बर्फाळ हॅनकॉक गावात ही गोष्ट त्याला कोणी विसरू देत नव्हतं. झालं होतं एवढंच, की ऑगस्टमध्ये रेडिएटर गळायला लागला, गॉर्डीनं त्यात नळाचं साधं पाणी ओतलं आणि हिवाळ्याआधी ते बदलून गोठणविरोधी द्रव घालायचं विसरला. जानेवारीत पाणी गोठलं, फुगलं आणि ब्लॉकच्या कुशीत वीतभर भेग पाडून गेलं. ज्या माणसानं अडतीस वर्षं सरकारी ट्रकवर बसून किविनॉ भागातल्या रस्त्यांवरचा बर्फ ढकलला, त्याला थंडी कशी असते हे ठाऊक नसावं!

गाडी त्यानं १९७१ साली कोरी घेतली होती, बावीस वर्षांचा असताना. याच गाडीतून त्यानं हेल्मीला तिच्या बापाच्या घरून लग्नाला नेलं होतं. तिचा बाप फिनिश, म्हणजे शब्द मोजून वापरणारा, गाडीकडे बघून एवढंच म्हणाला होता, "आवाज मोठा आहे." त्या माणसाच्या तोंडून ही स्तुती होती की निंदा, यावर नवराबायकोचं अजून एकमत नव्हतं.

इंजिन गेल्यावर गॉर्डी खिडकीजवळच्या खुर्चीत बसायला लागला. नोकरीतून निवृत्त झालाच होता, त्यात हे. सकाळी बसायचा तो दुपारी जेवायला उठायचा. हेल्मीनं गावच्या पाणीपुरवठा केंद्रात एकतीस वर्षं दर तासाला काट्यांवरचे आकडे टिपले होते, त्यामुळे तिला कुठलीही गोष्ट मोजायची सवय होती. तिनं मोजलं. मे महिन्यात तो खुर्चीत दिवसाला तीन तास असायचा, ऑक्टोबरात सात. 

"गाडीला दुसरं इंजिन बसवू या," ती एका सकाळी वेलदोड्याचा पाव कापता कापता म्हणाली.

"कशानं? तुझ्या पेन्शननं की माझ्या?"

"स्वस्तातलं बघू."

"स्वस्तातलं इंजिन घालून रुडी लाहटीच्या शेजारी उभी करू? त्यापेक्षा गाडीत बटाटे लावतो."

रुडी लाहटी हा गॉर्डीचा शाळेपासूनचा दोस्त, म्हणजे शत्रू. त्याची कमॅरो आणि गॉर्डीची डस्टर दर जुलैमध्ये जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर पाव मैल पळायच्या. बावीस शर्यती झाल्या होत्या, दोघांच्या अकरा-अकरा. येत्या जुलैनंतर धावपट्टी बंद होणार होती. गेल्या जुलैत गॉर्डी गाडीशिवाय कुंपणाजवळ उभा होता, आणि रुडीनं एकट्यानंच पळून दाखवून वर त्याला विचारलं होतं, "कोण जिंकलं रे? जवळून झाली, नाही?"

तेव्हा प्रश्न सोपा नव्हता. गाडीवाली माणसं इंजिनाला आकड्यानं ओळखतात. मोठा आकडा म्हणजे मोठं पोट. डस्टरमध्ये होतं तीनशे चाळीस, आणि तसं पुन्हा मिळायचं तर आता सोन्याच्या भावानं. कारखान्यातून लाकडी खोक्यात येणारं नवंकोरं इंजिन म्हणजे घराचं छप्पर बदलण्याचे पैसे. रुडीनं मोठ्या मनानं आपल्या मेव्हण्याच्या बंद पडलेल्या गाडीतलं तीनशे अठरा फुकट देऊ केलं होतं. "आजीला चर्चला न्यायला उत्तम आहे," असं वर सांगितलंही. गॉर्डीचं मन होतं चारशे चाळीसवर. ते इतकं अवजड, की गाडीचं नाक रस्त्याला लागलं असतं.

दोन आठवडे स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॅटलॉग पसरलेले होते. शेवटी हिशेब हेल्मीनंच जुळवला.

"तीनशे साठ घे," ती म्हणाली. "ट्रकमधून, व्हॅनमधून खंडीभर निघतात. कोणाला नको असतात म्हणून स्वस्त. तुझ्या मेलेल्या इंजिनाची दोन्ही हेड शाबूत आहेत, ती त्यावर बसतात. कार्बोरेटरही बसतो. नवा कॅम तेवढा विकत घ्यायचा. इंजिन ज्यावर टेकतं तो एका बाजूचा माउंट बदलावा लागेल, ते तू विसरशील म्हणून मी लिहून ठेवलंय."

गॉर्डीनं कागद दोनदा वाचला. "हे तुला कोणी सांगितलं?"

"तूच. चाळीस वर्षं जेवताना दुसरं काय बोलतोस?"

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी दोघं ओपलच्या भंगारवाड्यात गेले. ओपल पंच्याहत्तरीची, नवऱ्याच्या मागे वाडा एकटी चालवणारी. दुपारचा सुमार होता. रात्रभर पडून बर्फ थांबला होता आणि शेडबाहेर फळ्यांवर मांडलेली जुनी इंजिनं पांढऱ्या पावांसारखी एका ओळीत दिसत होती. दहा पांढरी होती. अकरावं काळं होतं. त्याच्यावर बर्फाचा कण नव्हता आणि दोन मांजरं अंगाचं मुटकुळं करून गाढ झोपली होती.

"ते तीनशे साठ," ओपल म्हणाली. "एक गॅरेज बंद पडलं, त्याचा माल लिलावात उचलला, त्यात आलं. कुठल्या गाडीतलं, माहीत नाही."

हेल्मीनं हातमोजा काढून ब्लॉकवर तळवा ठेवला. आंघोळीच्या पाण्याइतकं गरम होतं.

"हे गरम कसं?"

"मांजरं बसतात ना," ओपल म्हणाली.

हेल्मीला विचारावंसं वाटलं की मांजरं बसतात म्हणून ते गरम आहे, की ते गरम आहे म्हणून मांजरं बसतात? पण गॉर्डी तोवर प्लग काढून सिलिंडरमध्ये बॅटरी मारून बघत होता आणि त्याच्या तोंडून शीळ निघाली होती. वर्षभरात ती शीळ तिनं ऐकली नव्हती. तिनं हातमोजा पुन्हा चढवला.

"दोनशे डॉलर," ओपल म्हणाली. "आणि मांजरं इथंच राहतील. तुमच्या ट्रकमध्ये चढतील बघा, उतरवून जा."

चढलीच. दोनदा उतरवावी लागली.

गॅरेज घराला लागूनच होतं. तिथे लोखंडी स्टँडवर इंजिन चढवलं, तेल गळेल म्हणून त्याखाली ताट ठेवलं आणि काम सोमवारी सुरू करायचं ठरलं. सोमवारी सकाळी सव्वासातला हेल्मी रोजच्यासारखी सरपण आणायला गॅरेजमध्ये गेली. आत पाण्याच्या बादलीवर बर्फाचा पापुद्रा धरला होता. इंजिनाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. चटका बसला होता.

तिनं आरडाओरडा केला नाही. घरात जाऊन जुन्या पेटीतून आपला कामावरचा थर्मामीटर आणला, ब्लॉकला टेकवला, घड्याळ बघितलं आणि पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं लिहिलं. फॅरनहाइटमध्ये एकशे अठ्ठ्याऐंशी. म्हणजे रस्त्यावर धावणाऱ्या गाडीचं इंजिन जेवढं तापतं, नेमकं तेवढं. पण ह्या इंजिनात तेल नव्हतं, पाणी नव्हतं, प्लग नव्हते, त्याला एक तारही जोडलेली नव्हती.

आठवडाभर तिनं दर पंधरा मिनिटांनी आकडे घेतले, आणि तापायची वेळ आली की दर मिनिटाला. मग पुठ्ठा गॉर्डीसमोर ठेवला.

"सोमवार ते शुक्रवार सकाळी सातला दोन मिनिटं कमी असताना तापायला लागतं. सव्वासातनंतर निवायला लागतं. दुपारी तीन पस्तीसला परत तापतं, पंधरा-सोळा मिनिटं. शनिवारी अकराला, दीड तास. रविवारी साडेनऊला थोडं आणि अकराला थोडं."

गॉर्डीनं पुठ्ठा नाकाजवळ नेला, लांब धरला. मग म्हणाला, "हा माणूस कामाला जातोय."

"कोण माणूस?"

"ज्याचं इंजिन आहे तो. सकाळी जातो, साडेतीनला सुट्टी होते. शनिवारी बाजार. रविवारी चर्च. नीटनेटका माणूस दिसतोय. कामावर पंधरा मिनिटांत पोचतो, म्हणजे दहा-बारा मैल असेल."

"गॉर्डी, इंजिन आपल्या गॅरेजमध्ये आहे."

"हो ना. बिचाऱ्याला कोणी सांगितलेलं दिसत नाही."

आणि तो हसला. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. हेल्मीनं वर्षभरानं त्याला असं हसताना पाहिलं, आणि नाइलाजानं तीही हसली. आता सांगायला विचित्र वाटतं, पण त्या घरात भीती अशी शिरली नाही. त्यांनी त्याचं नाव ठेवलं सातवाला. सकाळी कॉफी ओतताना गॉर्डी गॅरेजकडच्या भिंतीला हात लावून म्हणायचा, "निघाला बघ." एखाद दिवशी चार मिनिटं उशीर झाला, तर हेल्मी म्हणायची, "आज काच खरवडत बसला असेल." खुर्चीतले तास पाचावर आले, मग दोनावर. 

डिसेंबरात मोठं वादळ झालं. त्या दिवशी शाळा बंद, दुकानं बंद. सातला इंजिन थंडच होतं. सव्वासातलाही थंड. हेल्मीनं पुठ्ठ्यावर शून्य काढलं आणि तिथेच थांबली. वादळ इथे होतं. त्याला ते लागलं होतं, म्हणजे तो दूर कुठे टेक्ससमध्ये नव्हता. इथेच होता, ह्याच बर्फात, दहा-बारा मैलांच्या आत.

तिनं हे गॉर्डीला सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सातवाला निघाला आणि पोचलाच नाही. साडेसात झाले, आठ झाले, इंजिन तापलेलंच. नऊ वाजता गॉर्डी बूट चढवायला लागला.

"कुठे?"

"अडकलाय तो कुठेतरी. हीटर चालू ठेवून आत बसलाय. धूर आत शिरला तर मरेल."

अडतीस वर्षं त्यानं हेच काम केलं होतं, अडकलेल्यांना काढायचं. फावडं आणि वाळूची पोती ट्रकमध्ये टाकून तो गेला आणि गावाच्या चारी बाजूंचे रस्ते पंधरा-पंधरा मिनिटांच्या अंतरापर्यंत पालथे घालून दुपारी परतला. दाढीत बर्फ साचला होता.

"तीन गाड्या काढल्या," तो म्हणाला. "त्यातला एकही तो नव्हता. विचारलं मी सगळ्यांना."

"काय विचारलंस?"

"इंजिन कितीचं आहे म्हणून."

इंजिन दहा वाजून वीस मिनिटांनी निवलं होतं. दुसऱ्या दिवशी सातला दोन मिनिटं कमी असताना ते पुन्हा तापलं, आणि गॉर्डीनं भिंतीवर थाप मारून त्याला एक सणसणीत शिवी घातली. प्रेमाची.

जानेवारीत इंजिन खोललं. आठ पिस्टन काढून ओळीनं वर्तमानपत्रावर मांडले, क्रँक वेगळा केला, ब्लॉक रिकामा झाला. गॉर्डीला उगाच अपराधी वाटत होतं. "आता बंद पडेल तो रस्त्यात," असं म्हणत होता. सकाळी दोघंही सातच्या आधीच गॅरेजमध्ये जाऊन उभे राहिले. सातला दोन मिनिटं कमी असताना पिस्टनांखालच्या कागदावर तेलाचे डाग हळूहळू पसरायला लागले. आठही ठिकाणी. सारख्या वेगानं.

"सुटे सुटे जातायत," गॉर्डी हळूच म्हणाला. या वेळी तो हसला नाही.

काम मात्र सुरेख झालं. सिलिंडर घासून साफ केले, नव्या रिंगा घातल्या, नवा कॅम बसवला, जुन्या तीनशे चाळीसची हेड वर चढवली. मार्चमध्ये इंजिन पुन्हा एकसंध उभं राहिलं. हेल्मी आपले आकडे घेतच होती, आता प्रत्येक भागाचे वेगळे. ब्लॉक सकाळी तापायचा, पण वरची हेड थंड राहायची. ती ह्यांच्या गाडीतली होती, सातवाल्याची नव्हती. हे तिला बरं वाटलं. यात काहीतरी नियम होता.

अकराव्या दिवशी हेडही तापली.

तिनं थर्मामीटर झटकून पुन्हा लावला. मग आकडा लिहिला आणि त्याखाली, एकतीस वर्षांच्या नोकरीत कधी केलं नव्हतं ते केलं. एक छोटं प्रश्नचिन्ह काढलं.

मेमध्ये इंजिन डस्टरमध्ये उतरलं. माउंट बदलायचं गॉर्डी विसरलाच होता, कागद दाखवावा लागला. रविवारी दुपारी चावी फिरवली, आणि पहिल्याच फेऱ्याला गाडी अशी गरजली, की शेजारणीनं खिडकी उघडून "जिवंत झाली का गं?" असं विचारलं. गॉर्डी स्टिअरिंग धरून बसला होता आणि त्याचे कान लाल झाले होते. रडायला आलं की त्याचे कान लाल होतात.

हेल्मीनं एकच अट घातली. सातवाल्याच्या वेळेत गाडी चालू करायची नाही.

"कबूल," गॉर्डी म्हणाला. "एका इंजिनात दोघं कशाला? त्यालाही कामावर जायचंय."

जून सगळा मजेत गेला. दुपारचं सरोवराकाठी जायचं, गाडीच्या बोनेटवर मटण भरलेल्या, मोठ्या करंजीसारख्या पेस्ट्या ठेवून खायच्या. पेस्टीवर रस्सा की टोमॅटो केचप, या चाळीस वर्षं जुन्या भांडणात पुन्हा जीव आला. अडीच वाजले की घरी. लोकांना वाटायचं, म्हातारा-म्हातारी झोपायला जातात.

शर्यत जुलैतल्या दुसऱ्या शनिवारी होती. त्यांची पाळी दहाला लावलेली होती. हेल्मीनं मुद्दाम चौकशी करून घेतली होती. दहा म्हणजे सातवाल्याच्या बाजाराला तासभर अवकाश. पण साडेनऊला धावपट्टीवर दोन हरणं आली आणि जाईनात. हाकलली की झाडीत शिरायची, आणि पाठ वळली की परत मधोमध. माणसं हॉर्न वाजवत होती, टोप्या उडवत होती, हसून हसून बेजार झाली होती. रुडी म्हणाला, "गॉर्डीनं आणलीत. हरायची भीती, दुसरं काय."

हेल्मी कुंपणाजवळ पेस्टी हातात धरून उभी होती. ती घड्याळ बघत होती.

दहा पन्नास. हरणं गेली.

दहा सत्तावन्न. दोन्ही गाड्या रेषेवर आल्या.

"गॉर्डी!" तिनं हाक मारली. इंजिनांच्या आवाजात तिला स्वतःचीच हाक ऐकू आली नाही.

अकरा.

दिवा हिरवा झाला.

कमॅरो आधी सुटली. डस्टर अर्धी गाडी मागे होती. मग तिचा आवाज बदलला. मोठा झाला नाही, दाट झाला. एका तालात दुसरा ताल बरोबर बसावा तसा. हेल्मीला तो पायांखालच्या जमिनीतून जाणवला.

डस्टर पुढे गेली. चाकभर, मग दारभर.

जिंकली.

गर्दी ओरडली. हेल्मी धावत गेली, तेव्हा गॉर्डी गाडीबाहेर उभा होता. लोक त्याची पाठ थोपटत होते आणि तो हातांच्या पंजांकडे बघत होता.

"काय झालं?"

"काही नाही," तो म्हणाला. "दुसरा गिअर मी टाकला नाही गं. तिसराही नाही. मी नुसता धरून बसलो होतो."

मग एकदम त्याचा चेहरा उजळला. "बारा-अकरा!" तो ओरडला, आणि तिला उचलायला गेला, आणि त्याची कंबर धरली.

रुडी गाडीतून उतरून आला. हरल्याचं दुःख त्याला पेलत होतं, तक्रार वेगळीच होती. 

"हे बरोबर नाही हं," तो म्हणाला. "बायकोला शेजारी बसवून शर्यत लावायची? म्हणजे मला खिजवायला की बघ, जास्तीचं वजन घेऊनही हरवतो!"

"कोणाची बायको?" गॉर्डी म्हणाला.

"हेल्मी. शेजारी बसली होती ना. मला हात केला की तिनं. अगं, तू केलास ना हात?"

हेल्मीच्या हातात अर्धी खाल्लेली पेस्टी होती. कुंपणाजवळ तिच्याशेजारी उभी असलेली चार माणसं तिच्या मागोमाग आली होती.

"रुडी, चष्मा बदल," त्यांतला एक जण म्हणाला, आणि सगळे हसले. रुडीही हसला. मग घरी जाईपर्यंत तो मधून मधून तिच्याकडे बघत राहिला, एवढंच.

सोमवारी सकाळी इंजिन थंड होतं. मंगळवारीही. तीन पस्तीसलाही थंड, शनिवारी अकरालाही. आता ते साध्या इंजिनासारखं वागत होतं. चावी फिरवली की तापायचं, बंद केलं की निवायचं. हेल्मीनं सहा आठवडे शून्यं लिहिली आणि मग पुठ्ठा कपाटात ठेवून दिला. 

"गेला वाटतं," गॉर्डी म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. "त्याचं इंजिन आपण पळवलं त्या दिवशी, भर बाजाराच्या वेळी. रागावला असेल."

"किंवा दुसरी गाडी घेतली असेल."

"हं. नवी जपानी," गॉर्डी म्हणाला, आणि तेवढ्यानं त्याचं समाधान झालं. खुर्ची त्यानं तळघरात नेऊन टाकली. रुडी आता रोज कॉफीला यायचा. धावपट्टी बंद झाली, तर दोघं मिळून रुडीच्या मेव्हण्याच्या त्या बंद गाडीतलं तीनशे अठरा उघडून बसले होते. कशासाठी, ते दोघांनाही सांगता येत नव्हतं. घर गजबजलेलं होतं. हेल्मी मनात म्हणायची, दोनशे डॉलरमध्ये हे फार स्वस्त पडलं.

सप्टेंबरच्या शेवटी पहिलं दहिवर पडलं. त्या सकाळी ती सरपण घेऊन आत आली तेव्हा गॉर्डी टेबलापाशी उभा होता.

"अर्धा तास होतीस कुठे? कॉफी गार झाली तुझी."

"गॅरेजमध्ये. सरपण आणायला तर गेले."

"मी हाक मारली की दोनदा," तो म्हणाला आणि तिला दुसरी कॉफी ओतायला लागला. खिडकीबाहेर रुडीचा हॉर्न वाजला. आज दोघं ओपलकडे गॅस्केट आणायला जाणार होते.

ते गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की सरपणाचा एकच भारा आणला, दुसरा राहिला. ती पुन्हा गॅरेजमध्ये गेली. डस्टर ताडपत्रीशिवाय उभी होती. दारं बंद होती, आणि चावी स्वयंपाकघरात खिळ्याला होती, येताना तिनं पाहिली होती. सवयीनं तिनं बोनेटवर हात ठेवला. ते थंडगार होतं.

पण समोरची काच धुकटलेली होती. बाहेरून नाही, आतून. बंद गाडीत थंडीच्या दिवसात माणसं बोलत बसली की धुकटते तशी.

स्टिअरिंगच्या समोर, बरीच वर, एक तळहाताएवढी जागा पुसलेली होती. गॉर्डीचं डोकं तिथवर पोचत नाही.

शेजारच्या सीटसमोरही तशीच एक जागा पुसलेली होती. थोडी खाली.

ती घरातून चावी घेऊन आली. दार उघडलं. आत शिरून आपल्या रोजच्या जागेवर बसली आणि ताठ समोर बघितलं. पुसलेली जागा बरोबर तिच्या डोळ्यांच्या रेषेत होती. त्यातून गॅरेजचं दार दिसत होतं.

सीट गरम होती.

मग उरलेलं धुकं पुसून टाकावं म्हणून तिनं हात उचलला, आणि सकाळपासून अंगात असलेल्या लोकरी स्वेटरची बाही मनगटापाशी थंड लागली. तिनं खाली बघितलं.

बाही ओली होती.